डिगॉक्सिन: धावत्या नाडीचा उपाय आणि त्याची पथ्ये

हृदयाचे ठोके आवरण्यासाठी आणि आकुंचनाचा जोर थोडा वाढवण्यासाठी दिली जाणारी डिगॉक्सिनची गोळी जुनी आणि स्वस्त आहे, आणि लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडपा बिघडलेल्या कितीतरी रुग्णांच्या औषधांच्या डब्यात ती आजही असते. तिच्याविषयी दोन टोकांचे समज आढळतात. काही रुग्ण ती कायमची शक्तिवर्धक गोळी समजून कोणत्याही तपासणीशिवाय वर्षानुवर्षे घेत राहतात, तर काही जण ‘हे विष आहे’ असे कोणीतरी सांगितल्यावर एका दिवसात ती बंद करतात. हे दोन्ही धोक्याचे आहे, कारण या औषधाचा गुण आणि दोष एकाच क्रियेतून निर्माण होतात आणि उपयोगी मात्रा व घातक मात्रा यांच्यात फार थोडे अंतर असते. हे अंतर कशाने कमी होते हे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना ठाऊक असेल, तर औषधाचा निम्मा धोका घरातच टळू शकतो.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद आणि खालचे दोन म्हणजे निलय. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात असलेला सायनस नोड हा पेशींचा छोटा पुंजका विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विद्युत-संदेश सोडतो. हा संदेश अलिंदांतून पसरत अलिंद आणि निलय यांच्या सीमेवरील एव्ही नोडपर्यंत येतो, तेथे क्षणभर थबकतो आणि नंतर हिस-गुच्छ व पर्किंजे तंतू यांच्या वाटेने निलयांच्या स्नायूंत झपाट्याने पोहोचतो. ही थबक निरुपयोगी नाही. अलिंदांनी आपले रक्त खाली ढकलण्यापूर्वी निलयांनी आकुंचन पावू नये, यासाठीच ती असते. ईसीजीच्या कागदावर अलिंदाच्या लहरीच्या आरंभापासून निलयाच्या लहरीच्या आरंभापर्यंतचे अंतर निरोगी प्रौढात ०.१२ ते ०.२० सेकंद असते आणि त्यातील मोठा वाटा या थबकण्याचा असतो.

अलिंद-कंपन, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातले ‘एएफ’, या विकारात अलिंदांत संदेशांचा गोंधळ माजतो आणि मिनिटाला साडेतीनशेहून अधिक वेडेवाकडे संदेश एव्ही नोडवर येऊन आदळू लागतात. नोड त्यांतले बहुतेक अडवतो, तरीही उपचार नसलेल्या रुग्णात निलयांचे ठोके १२० ते १६० पर्यंत जाऊ शकतात. ठोके वाढले म्हणजे रक्ताभिसरण वाढले, असा समज येथे फसवा ठरतो. मिनिटाला १४० ठोके असताना एका ठोक्याच्या वाट्याला जेमतेम ०.४३ सेकंद येतात आणि ७० असताना ०.८६ सेकंद, आकुंचनाला लागणारा वेळ मात्र त्या प्रमाणात आखडत नाही, त्यामुळे बहुतेक सगळी कपात निलय भरण्याच्या वेळेत होते. माइट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णात डाव्या अलिंदातून रक्त खाली उतरायला आधीच वेळ लागत असतो, आणि तोच वेळ हिरावला गेला की रक्त फुप्फुसांत तुंबते व धाप लागते. अशा रुग्णात डिगॉक्सिनने ठोके संथ होतात तेव्हा अलिंद-कंपन बरे झालेले नसते. त्याचा निलयांना होणारा त्रास फक्त कमी झालेला असतो. नाडी अनियमितच राहते, म्हणून ‘गोळी लागू पडली नाही’ असा निष्कर्ष रुग्णाने काढू नये.

हा परिणाम कसा होतो, हे समजायला पेशीच्या आवरणापर्यंत जावे लागते. प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ साली त्याचा छडा लावला आणि १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. डिगॉक्सिन हा पंप अंशतः बंद पाडते. त्यामुळे पेशीत सोडियम साचतो, सोडियम साचल्याने कॅल्शियम बाहेर टाकण्याची क्रिया मंदावते आणि पेशीत उरलेल्या जादा कॅल्शियममुळे स्नायूचे आकुंचन जोरकस होते. दुसरीकडे हे औषध मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नसेचा प्रभाव वाढवते आणि या नसेचे काम सायनस नोडला संथ करणे आणि एव्ही नोडमधली थबक वाढवणे हेच असते. नाडी संथ होते ती मुख्यतः या दुसऱ्या वाटेने.

याच कारणाने डिगॉक्सिनचा अंमल बसलेल्या माणसावर चांगला दिसतो आणि चालणाऱ्या माणसावर कमी. श्रम करताना ॲड्रिनलिनचा जोर व्हेगसवर मात करतो आणि जिना चढताच नाडी पुन्हा धावू लागते. घरातल्या घरात वावरणाऱ्या वृद्धाला जे पुरते, ते शेतात राबणाऱ्या चाळिशीच्या माणसाला पुरत नाही. म्हणून अशा रुग्णाला बहुधा ॲड्रिनलिनचा जोर अडवणारे, मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर एकट्याने किंवा जोडीला दिले जाते. दवाखान्यात बसल्या जागी मोजलेली नाडी चांगली आली, तरी चालताना होणारी धडधड डॉक्टरांना सांगणे म्हणूनच गरजेचे आहे.

हृदय दुर्बल झालेल्या, पण लय नियमित असलेल्या रुग्णांत या औषधाची जागा आता मर्यादित झाली आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिग’ या चाचणीत ६,८०० रुग्णांचा अभ्यास झाला. डिगॉक्सिनमुळे मृत्यूंचे प्रमाण घटले नाही, मात्र हृदय-दुर्बलता बळावल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले. पुढे त्याच माहितीची फेरतपासणी केली असता, रक्तातील पातळी मिलिलिटरला ०.५ ते ०.८ नॅनोग्रॅम असलेल्या पुरुषांची स्थिती बरी राहिल्याचे आणि १.२ किंवा त्याहून अधिक पातळी असलेल्यांत मृत्यू अधिक असल्याचे आढळले. पूर्वी दोनपर्यंतची पातळी चालते असे मानले जाई. आज हृदय-दुर्बलतेसाठी एकच्या आत राहणेच इष्ट मानतात. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तीच मात्रा चालू असेल, तर ती पुन्हा तपासून घेण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

मात्रा ठरवते मूत्रपिंड

डिगॉक्सिन हृदयाचे औषध असले, तरी त्याचे शरीरातील आयुष्य ठरवते मूत्रपिंड. पोटात गेलेल्या औषधाचा मोठा भाग न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड निरोगी असेल तर रक्तातील औषध निम्मे व्हायला दीड ते दोन दिवस लागतात. मूत्रपिंड जवळजवळ निकामी असेल तर त्यालाच चार-पाच दिवस लागू शकतात. म्हणजे रोजची ठरलेली गोळी तीच असूनही शरीरातला साठा दुपटीहून अधिक वाढू शकतो आणि तो हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत वाढत असल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. उन्हाळ्यात झालेले जुलाब, कमी पाणी पिणे किंवा गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे मूत्रपिंडाचे काम काही दिवस मंदावले तरी एवढे घडते.

वृद्धांत आणखी एक फसगत संभवते. रक्तातले क्रिएटिनिन स्नायूंतून येते; अंगावर मांसच उरले नसेल तर मूत्रपिंड थकलेले असूनही क्रिएटिनिनचा आकडा नॉर्मल दिसतो. पंचाहत्तरीच्या, चाळीस किलो वजनाच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.० असणे आणि पस्तिशीच्या धडधाकट पुरुषाचे १.० असणे यांचा अर्थ एक नाही. म्हणून अहवालावरचा आकडा पाहून समाधान मानण्यापेक्षा वय आणि वजन धरून काढलेला मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा अंदाज डॉक्टरांना विचारावा. अशा रुग्णांना ०.२५ मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी म्हणजे ०.१२५ मिलिग्रॅम मात्रा, किंवा कधी त्याहूनही कमी मात्रा पुरते. भारतात बऱ्याच चिठ्ठ्यांवर ‘आठवड्यातून पाच दिवस’ असे लिहिलेले असते. राहिलेले दोन दिवस हा मात्रेचाच भाग आहे, विसराळूपणाला दिलेली सवलत नव्हे. तेव्हा ते दोन वार कॅलेंडरवर खुणेने नोंदवून ठेवावेत आणि रिकाम्या दिवशी ‘राहून गेली’ म्हणून कोणी प्रेमाने गोळी देऊ नये.

लहान मुलांचे द्रव डिगॉक्सिन मिलिलिटरला ०.०५ मिलिग्रॅम असते. घरातला पाच मिलिलिटरचा चमचा भरला की बाळाच्या पोटात मोठ्या माणसाची अख्खी गोळी गेली, असे हे गणित आहे. बाटलीसोबत आलेला ड्रॉपर किंवा बारीक रेघांची सिरिंज यांखेरीज दुसरे कोणतेही माप येथे चालत नाही.

पोटॅशियम आणि इतर औषधे

ज्या पंपावर डिगॉक्सिन जाऊन बसते, त्याच जागेसाठी पोटॅशियमही धडपडत असतो. रक्तातला पोटॅशियम घटला की औषधाला ती जागा अधिक मोकळी मिळते आणि तीच पातळी, तीच गोळी अधिक विषारी ठरते. सूज उतरवण्यासाठी दिले जाणारे फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड पोटॅशियम लघवीवाटे घालवते आणि डिगॉक्सिन घेणाऱ्या बहुतेकांच्या चिठ्ठीत त्यांपैकी एक असतेच. उलट्या-जुलाबांतही पोटॅशियम जातो. खोकल्यासाठी दीर्घकाळ आणि भरपूर घेतलेले ज्येष्ठमध हेही पोटॅशियम घटवते, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. मॅग्नेशियमची कमतरताही अशीच घातक असते आणि आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी ती काहींच्यात निर्माण होते.

यावर उपाय म्हणून शहाळी, केळी किंवा पोटॅशियमचे सिरप स्वतःच्या मनाने सुरू करणे हाही धोकाच आहे, कारण मूत्रपिंड थकलेल्या आणि पोटॅशियम राखून ठेवणारे स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या रुग्णात पोटॅशियम वाढून तोच हृदयाची विद्युत-वाट बंद करू शकतो. रक्तातले पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि शक्य असेल तेथे मॅग्नेशियम डॉक्टर सांगतील त्या अंतराने तपासावे, आणि मोठ्या जुलाबांनंतर किंवा मूत्रल गोळी वाढवल्यानंतर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

काही औषधे रक्तातील डिगॉक्सिनचे प्रमाणच वाढवतात. हृदयाच्याच लयीसाठी दिले जाणारे ॲमिओडॅरॉन सुरू करताना डिगॉक्सिनची मात्रा सामान्यतः निम्मी करतात. व्हेरापामिल पातळी वाढवते आणि वर स्वतःही एव्ही नोडला संथ करते, त्यामुळे त्याची जोडी दुहेरी धोक्याची ठरते. घशाच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन आणि नायट्यासाठी आजकाल सर्रास लिहिले जाणारे इट्राकोनॅझोल यांच्याबाबत अधिक सावध राहावे लागते, कारण ती लिहिणारे डॉक्टर वेगळे असतात आणि त्वचेच्या दवाखान्यात हृदयाची गोळी सांगण्याचे रुग्णाला सुचत नाही. क्षयावरचे रिफाम्पिसिन उलट पातळी उतरवते. सहा महिन्यांच्या क्षयोपचारात कोणी डिगॉक्सिन वाढवून घेतले असेल, तर उपचार संपताच ते पुन्हा कमी करून घ्यावे लागते आणि ही दुसरी पायरीच नेमकी विसरली जाते.

नाडी मोजण्याची आणि धोका ओळखण्याची रीत

अनियमित नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे व्यर्थ आहे. ती पूर्ण एक मिनिट, पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसल्यानंतर, शक्यतो गोळी घेण्यापूर्वी मोजावी आणि वहीत लिहावी. मनगटावर भरलेला आकडा हृदयाच्या खऱ्या ठोक्यांपेक्षा कमी असू शकतो, कारण अलिंद-कंपनातले काही ठोके इतके दुबळे असतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोहोचतच नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आणि रक्तदाबाच्या यंत्रावर दिसणारी संख्याही याच कारणाने या विकारात पुरेशी भरवशाची नसते. प्रौढाची विश्रांतीतील नाडी ६० च्या खाली आली, तर डॉक्टरांनी वेगळी मर्यादा सांगितली नसल्यास त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी त्यांना विचारावे. लहान मुलांसाठी ही मर्यादा बरीच वरची आणि वयानुसार वेगळी असते.

संख्येइतकीच लयही पाहावी. वर्षानुवर्षे अनियमित असलेली नाडी अचानक संथ आणि घड्याळासारखी नियमित झाली, तर घरचे लोक सुखावतात. डॉक्टर मात्र चिंतेत पडतात. डिगॉक्सिनने एव्ही नोडची वाट पूर्ण बंद केली, की निलय खालच्या एखाद्या केंद्राच्या तालावर, स्वतःच्या संथ आणि नियमित गतीने चालू लागतात. ही सुधारणा नसून विषबाधेची खूण असू शकते आणि त्याच दिवशी ईसीजी काढल्याशिवाय दोन्हींतला फरक सांगता येत नाही. याउलट प्रत्येक ठोक्यामागे एक घाईचा, दुबळा ठोका आणि मग थांबा, असे जोडीने येणारे ठोके लागू लागले, तर निलयांच्या पेशींत कॅल्शियम अति साचून त्या स्वतःहून संदेश सोडू लागल्या आहेत, असा अर्थ होतो. वाट अडवणे आणि पेशी चिडवणे या दोन उलट वाटणाऱ्या गोष्टी हे औषध एकाच वेळी करू शकते, म्हणूनच त्याची विषबाधा जवळजवळ कोणत्याही लय-विकाराचे रूप घेते.

ईसीजीच्या अहवालात ‘डिजिटॅलिस इफेक्ट’ असे लिहिलेले पाहून मात्र घाबरू नये. ठोक्यानंतरची रेषा खाली वाकून वाटीसारखी दिसणे, ही औषध शरीरात पोहोचल्याची खूण आहे, ते जास्त झाल्याची नव्हे.

लयीच्या आधी बहुधा पोट बोलते. अन्नावरची वासना उडणे, मळमळ, उलटी, विलक्षण थकवा, वृद्धांत गोंधळल्यासारखे बोलणे, आणि दृष्टी धूसर होणे किंवा वस्तूंभोवती पिवळसर-हिरवट छटा दिसणे ही विषबाधेची लक्षणे असतात. त्यांपैकी काही लक्षणे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे वैद्य विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवरील आपल्या १७८५ च्या ग्रंथातच नोंदवली होती आणि नाडी ३५ पर्यंत उतरल्याचेही त्यात नमूद आहे. १९३० मध्ये सिडनी स्मिथ यांनी त्याच कुळातील डिजिटॅलिस लॅनाटा या वनस्पतीपासून डिगॉक्सिन वेगळे केले, तरी विषबाधेचे चित्र बदललेले नाही. अडचण एवढीच की वासना नसणे आणि मळमळ यांना घरात पित्ताचे नाव मिळते, पित्तासाठी गोळी घेतली जाते आणि डिगॉक्सिन चालूच राहते. डिगॉक्सिन घेणाऱ्याची भूक दोन-तीन दिवस गेली, तर पित्ताची गोळी शोधण्यापूर्वी नाडी मोजावी आणि डॉक्टरांना कळवावे. चक्कर येऊन पडणे, शुद्ध हरपणे किंवा नाडी फारच मंद होणे असे घडल्यास थेट रुग्णालय गाठावे.

गोळी राहून गेली आणि बारा तासांच्या आत आठवली, तर घ्यावी; त्यानंतर आठवली, तर ती सोडून पुढची वेळेवर घ्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. रक्तातील पातळी तपासायची असेल तर नमुना गोळीनंतर किमान सहा ते आठ तासांनी द्यावा. त्याआधी औषध रक्तातून स्नायूंत उतरलेले नसते आणि आकडा खोटाच मोठा येतो. सकाळी लवकर तपासणी असेल, तर गोळी रात्री घेण्याची किंवा नमुना दिल्यानंतर घेण्याची सोय डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. ज्यांच्या हृदयात जन्मतः अलिंद-निलयांमधली जादा वाट असते, म्हणजे ज्यांच्या कागदांवर ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ लिहिलेले असते, त्यांनी ते प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगावे. त्यांना अलिंद-कंपन झाल्यास डिगॉक्सिन एव्ही नोड अडवते, पण जादा वाट उघडीच राहते आणि निलयांवर संदेशांचा जीवघेणा लोंढा येऊ शकतो.

हृदयावर असाच परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये महाराष्ट्रातल्या अंगणांतही आहेत. तांबडी-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे जिच्या बिया मुले खेळायला घेतात ती बिट्टी, या दोन्हींच्या सर्व भागांत ती असतात. घरगुती काढा किंवा चूर्ण म्हणून त्यांचा कोणताही भाग पोटात घेऊ नये. डिगॉक्सिन घेणाऱ्याच्या बाबतीत तर दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळतो. कोणी चुकून खाल्लेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ न घालवता, रुग्ण ठीक दिसत असला तरी, ईसीजीवर सतत लक्ष ठेवता येईल अशा रुग्णालयात न्यावे, कारण लयीचा बिघाड काही तासांनी सुरू होऊ शकतो. डिगॉक्सिनची रक्ततपासणी कण्हेरीचे द्रव्य अंशतःच पकडते, तेव्हा कमी आकडा आला म्हणून विषबाधा सौम्य आहे असे धरता येत नाही. पान, फूल किंवा बी सोबत न्यावे आणि ते किती वाजता खाल्ले ते सांगावे.